जुमाकादिर मरेना

जुमाकादिर अकताय बातिरची, म्हणजे अकताय वीराची, गाथा सांगायला बसला की सात खेड्यांतली माणसं मेंढरं वाऱ्यावर सोडून ऐकायला जमत. निदान तो स्वतः तरी तसं सांगे. अलीकडे त्याला लग्नांत बोलावत, तेही मटण शिजेपर्यंत. राक्षसाच्या मानेवर तलवार पडणार, तेवढ्यात पराती यायच्या आणि श्रोते हात धुवायला उठायचे.

अशात राजधानीतून, बिश्केकहून, सिनेमावाले नारिनच्या डोंगरांत उतरले. त्यांना अकतायवर सिनेमा काढायचा होता. दिग्दर्शक एलदियार तिशीतला, जिभेनं गोड, थोरल्या माणसाला मानानं 'आके' म्हणणारा. जुमाकादिरला सल्लागार नेमून त्यानं तंबूत टांगलेलं एक गोल चित्र दाखवलं.

"आके, जगातला प्रत्येक नायक याच वाटेनं जातो. आधी घर, मग हाक. हाक आली की तो नाही म्हणतो..."

"नाही म्हणतो? अकताय?" जुमाकादिर ताडकन उठला. "अरे, आईचं वाक्य पुरं व्हायच्या आत तो घोड्यावर होता!"

"पण तो घाबरलाच नाही, तर लोकांना आपल्यातला कसा वाटेल?"

"आपल्यातलाच बघायचा तर तिकीट कशाला काढतील? घरी मेहुणा आहे की!"

"आणि घोडा बोलणार नाही," एलदियारनं हळूच सांगून टाकलं.

"मग अकतायला शहाणपण शिकवणार कोण?"

"तो तळ्याकाठी एकटा बसेल. आतला आवाज ऐकेल."

"घोड्याचं सोडून स्वतःचं ऐकणार? मग गेलाच कामातून!" जुमाकादिरनं टोपी उचलली.

"आके, सिनेमात अकतायच्या म्हाताऱ्या गुरूचं काम तुम्हीच करावं असं मनात होतं."

जुमाकादिर खाली बसला. संध्याकाळी चहा पिताना तो बायकोला, बुरुलला, समजावत होता, "थोडं घाबरणं माणसाला शोभतं गं. आणि घोड्यांना गाथेत नाहीतरी फारच चढवून ठेवलंय."

चित्रीकरणाच्या दिवशी त्याला कळलं, की गुरू मध्येच मरतो.

"का म्हणून? गाथेत तो अकतायच्या नातवाच्या लग्नातसुद्धा जेवतो!"

"तुम्ही गेल्याशिवाय तो मोठा होत नाही, आके."

छातीत बाण घेऊन जुमाकादिरनं फक्त "जा, बाळा" म्हणायचं होतं. तसं तो म्हणाला. मग कोपरावर रेलून त्यानं अकतायच्या पूर्वजांची नावं घेतली, खिंडीतला वारा कसा फिरतो ते सांगितलं, सासुरवाडीला काय न्यावं तेही सांगितलं. त्याचं डोकं मांडीवर घेतलेल्या नायकाच्या पायाला मुंग्या आल्या. ऊन डोंगराआड गेलं. दुसऱ्या दिवशीही तीच गत.

"आके, मरा हो एकदाचे!" एलदियार रडकुंडीला आला.

"मरतोच आहे ना! पण सांगायचं राहून गेलं, तर हा लढणार कसा?"

वसंतात गावच्या सभागृहात सिनेमा लागला. पडद्यावर गुरूला बाण लागला, त्याचं तोंड उघडलं, इतक्यात संगीत चढलं. एक शब्द ऐकू आला नाही. गुरूनं डोळे मिटले. जुमाकादिरची कानशिलं तापली. तो उठणार, तोच त्याला हुंदके ऐकू आले. सगळं सभागृह रडत होतं. शेजारी बुरुलनं तोंडात ओढणीचा बोळा कोंबला होता.

"अगं, मी इथंच आहे," तो पुटपुटला.

"तू गप्प बस! तो बिचारा किती चांगला होता!"

जुमाकादिर खुर्चीत मागं टेकला. इतकी वर्षं घसा कोरडा केला, पण त्याच्यासाठी कुणाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. त्यानं चोरून मागं वळून पाहिलं. सरपंच नाक शिंकरत होता. जुमाकादिरला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची थोडी लाजही वाटली.

पुढच्या लग्नात त्यानं गाथा सुरू केली, तसं कुणीतरी ओरडलं, "गुरू मरतो ते सांगा!"

जुमाकादिरनं टोपी नीट केली. मग त्यानं गुरूला बाण मारला आणि सिनेमात राहून गेलेलं सगळं त्याच्या तोंडून वदवलं. बायका डोळे पुसू लागल्या.

"माझ्या आजोबांनी ऐकलेल्या गाथेत हे नव्हतं," म्हातारा साप्परबेक कुरकुरला.

"तुझे आजोबा नेहमी लवकर उठून जायचे," जुमाकादिर म्हणाला, आणि गुरूला त्यानं पुन्हा पहिल्यापासून मारायला घेतलं.