बायनाबाईंचा चौथा अध्याय

जिंतूरला आमची ख्रिस्ती मंडळी लहानच. रविवारी उपासना सुटली की पत्र्याच्या देवळामागे लिंबाखाली बायनाबाई मुलांना पवित्र शास्त्र शिकवायच्या. दवाखान्यात दाई म्हणून त्यांचा जन्म गेला. निम्म्या मंडळीला त्यांनीच आधी हातात धरलेलं. स्वतःचं लेकरू नव्हतं. त्यांना आठवडाभर ओढ असायची ती या वर्गाची.

एकदा माझ्या नातीनं, उत्तरानं, विचारलं, "आजी, शाळेत सांगतात पृथ्वी कोट्यवधी वर्षांची हाय. आन् इथं देवानं सहाच दिवसांत केली?"

बाई म्हणाल्या, "तुझ्या आईला दिवस गेले, ते किती होते गं? चांगले नऊ महिने! तरी आमी दिवसच म्हणतो की."

पोरं खदाखदा हसली. देवळाचे नवे पाळक मागे उभे होते, ते हसले नाहीत. सगळी मुलं गेल्यावर त्यांनी बाईंना थांबवलं. मी सतरंजी गुंडाळत होतो.

"मावशी, संध्याकाळ झाली, सकाळ झाली, पहिला दिवस, असं स्पष्ट लिहिलंय. आज हा दिवस ताणला, तर उद्या प्रभू तिसऱ्या दिवशी कबरीतून उठला, तोही लेकरं ताणतील."

बाई म्हणाल्या, "तुमची धास्ती खोटी न्हाई, साहेब. पण तिसऱ्या दिवशी कबरीपाशी बाया होत्या. त्यांनी बघितलं. पहिल्या दिवशी कोण होतं?"

"देव होता."

"मग त्यो म्हणतो तसंच असंल. पण त्याचा दिवस केवढा, ते मला ठाऊक न्हाई. लेकरांना कसं सांगू?"

"मग वर्ग दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल," पाळक म्हणाले. त्यांनाही ते जड गेलं असावं.

बाईंनी पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं, आता उठून जातील.

"असं करा," त्या म्हणाल्या, "सुरुवातीचे तीन अध्याय तुमी घ्या. पहिलं बाळंतपण, हव्वेचं, चौथ्यात हाय. तिथून मी घेते."

पाळकांनी शास्त्र उघडलं, खरंच चौथा अध्याय काढून पाहिला. "बरं," म्हणाले, "चौथ्यापासून."

मग तसंच चाललं. दोघांत बरोबर कोण, ते मला आजही सांगता येत नाही. मी दोघांचंही ऐकायचो. पाळक छान समजावून सांगत. पण मुलं सहा दिवस पाठ करून लिंबाखाली आली, की मी चपला शोधण्याचं निमित्त करून रेंगाळायचो.

बाई गेल्या, त्याला दोन उन्हाळे झाले. वर्ग आता दुसरं कुणी घेतं, चांगलं घेतं. हव्वेच्या बाळंतपणाशी आल्यावर बायनाबाईंचा आवाज मात्र दर वेळी खाली यायचा.

"लय एकली होती बिचारी," त्या म्हणायच्या. "जवळ बाईमाणूस म्हणून कुणी न्हाई. आन् आदामाला काय कळतंय, पोरांनो?"