तेवीस किलो गूळ

पोरीला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "काय प्यायली ही?"

तो प्रश्न मला आजही चुकीचा वाटत नाही. ती सालंच तशी होती. बीटी कपाशी आली, आता बोंडअळी कायमची गेली म्हणे. आणि घरोघरी पलंगाखाली फवारणीचे डबे मात्र वाढतच गेले. कोणी ओकत, धापा टाकत दवाखान्यात आलं की डॉक्टर आधी त्याच्या तोंडाचा वास घेत. माझ्या नऊ वर्षांच्या पोरीच्या तोंडालाही वास होता, सडक्या फळासारखा. माझा नवरा ओरडला, "लेकरू हाय ते! लेकरू कायले पिईन?" पण बाहेर जाऊन त्यानं शेजारणीला फोन केला आणि घरातल्या सगळ्या डब्यांची झाकणं पाहायला सांगितली. झाकणं सगळी घट्ट होती.

मग कोणीतरी बोटातून रक्ताचा थेंब घेतला, साखर भलतीच वाढलेली निघाली, आणि आम्हाला तसंच अकोल्याला धाडलं.

मी अंगणवाडीत सेविका होते. दर महिन्याला गावातल्या पोरांना झोळीत बसवून काट्याला टांगायचं, वजन लिहायचं, घटलं असेल तर आईला फैलावर घ्यायचं, हे माझं काम. माझी स्वतःची पोर सहाच्या वर गेली होती, म्हणजे माझ्या रजिस्टरातून बाहेर. दवाखान्याच्या आधीच्या महिन्यात तिची गालफडं बसली, ती घटाघटा पाणी प्यायला लागली, आणि एवढी मोठी घोडी अंथरूण ओलं करते म्हणून मी तिला दोनदा बडवलं. दोनदा. तेव्हा कापूस वेचणी चालू होती, बायका मिळत नव्हत्या, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं.

अकोल्याची डॉक्टरीणबाई तरुण होती. तिनं केसपेपरच्या पाठीमागं गोल गोल काढून आम्हाला समजावलं. रक्तात राखणीच्या पेशी असतात. जंतू शिरला की त्या त्याला मारतात. हिच्या अंगात त्याच पेशींनी पोटातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना परकं धरलंय आणि एकेक करून मारत सुटल्यात.

"काऊन?" नवऱ्यानं विचारलं.

"ते अजून कोणालाच नीट कळलेलं नाही."

"फवारणीनं?"

"तसं म्हणता येत नाही."

"सरकीच्या तेलानं? ते आता बीटीचंच येते."

"नाही हो."

त्याला असं काहीतरी हवं होतं, जे उद्यापासून घरात आणायचं बंद करता येईल. डॉक्टरीणबाईनं एक नळी रक्त जास्तीचं मागितलं. लहान पोरांत या पेशी कशा वागतात ते शिकायला हवं, म्हणाली. मी सही केली. माझं पोर चार दिवस सलाईनवर पडलेलं आणि मला सहीच्या खालची रेघ वाकडी आली याचं वाईट वाटलं. त्या दिवसापासून मी बधिरच झाले. रडू येईना, भूक लागेना, कोणी काही बोललं तर दुसऱ्यांदा विचारावं लागे.

घरी आल्यावर दिवसातून इन्सुलिनच्या दोन सुया. फ्रिज नव्हता, तर ओल्या रेतीत रोवलेल्या मडक्यात बाटली ठेवायची. पोरगी आपणच फ्रॉक वर करायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं तोंड करून उभी राहायची. एकदाही रडली नाही. तीही माझ्यासारखीच झाली की काय, असं वाटायचं.

तिसऱ्या महिन्यात साखर आपोआप उतरायला लागली. बारा युनिटचे सहा झाले, सहाचे दोन. गाल भरले. एकदा शेतात तिला घाम फुटला, हातपाय लटलट कापायला लागले. गुळाचा खडा तोंडात घातला तेव्हा शुद्धीवर आली. साखर फारच उतरली होती. डॉक्टरीणबाई म्हणाली, "काही मुलांत असं होतं. त्या मारणाऱ्या पेशी थोड्या थंडावतात, इन्सुलिनच्या उरलेल्या पेशींना दम घ्यायला मिळतो. याला हनिमून म्हणतात." मायबाई, काय पण नाव! नवरा खिडकीबाहेर पाहायला लागला. पण पुढचं ती माझ्या डोळ्यांत पाहून बोलली. "हे बरं होणं नाही. त्या पेशींना आठवण असते. एकदा कोणाला वैरी धरलं की त्या विसरत नाहीत, परत येतात. दोन युनिट का असेना, सुई बंद करायची नाही. तहान, लघवी, वजन, यांवर नजर ठेवा."

मी सगळं ऐकलं. मला सगळं कळलं. मी काही अडाणी नव्हते.

मग एक दिवस सुई द्यायची राहिली. दुसऱ्या दिवशी रक्त तपासायच्या पट्टीवर साखर चांगली आली. त्या दिवशी मी मुद्दामच सुई दिली नाही. तिसऱ्या दिवशीही चांगली. चौथ्या दिवशी मी गावातल्या मारुतीसमोर उभी राहिले आणि म्हटलं, बाप्पा, त्या पेशींना विसरू दे. पोरीची गुळानं तुला करीन. नवऱ्यानं विचारलं, "डॉक्टरीणबाईले इचारलं का?" मी म्हटलं, "हाव." लग्नानंतर त्याच्याशी बोललेलं माझं पहिलं धडधडीत खोटं.

तुला म्हणजे लेकराला तराजूच्या एका पारड्यात बसवायचं, दुसऱ्यात त्याच्या वजनाएवढा गूळ ठेवायचा आणि तो गावात वाटायचा. मी अंगणवाडीच्या काट्यावर तिला लटकवलं. तेवीस किलो. तेवढ्या ढेपी सांगून ठेवल्या. अख्ख्या गावाला आवतण दिलं. त्या तीन आठवड्यांत मी हसत होते, भांडत होते, वेणी घालताना पोरीला गाणी म्हणून दाखवत होते. मी जिती झाले होते, दुसरं काय सांगू? पट्ट्या संपल्या होत्या, त्या आणवल्या नाहीत. आणल्या असत्या तर पाहावं लागलं असतं.

शनिवारी सकाळी मंदिरासमोर कापूस मोजणाऱ्या चाचांनी आपला मोठा तराजू आणून लिंबाच्या फांदीला बांधला. म्हातारे, मुसलमान व्यापारी, गावाचा निम्मा कापूस त्यांच्याच काट्यावरून जायचा. पोरगी नवा फ्रॉक घालून पारड्यात बसली. दुसऱ्या पारड्यात ढेपी गेल्या आणि ते धाडकन खाली आलं. पोरगी वर लोंबकळत राहिली.

चाचांनी एक किलोची ढेप काढली. पारडं हललं नाही. दुसरी काढली. तिसरी काढली. चौथी काढली तेव्हा काटा मध्यावर आला.

लोक खो-खो हसले. "सरकारी काटा हाय बाईचा! सरकारचं काही बरोबर असते का?" "अंगणवाडीतली पोरंबी अशीच गुबगुबीत लिहिते काय वो?" मीही हसले. हो ना, म्हटलं, तो काटा जुनाच आहे. पुजाऱ्यानं नारळ फोडला.

चाचा दोर सोडताना माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "बेटी, माहा काटा बरोबर हाय. तुहाबी बरोबरच असन. पोरीले दाखवून आन."

मी त्यांच्या अंगावर गेले. "चाचा, देवाच्या दारात अभद्र बोलू नका!" सगळ्यांसमोर बोलले. बापाच्या वयाचा माणूस. त्यांनी दोर गुंडाळला, तराजू खांद्यावर टाकला आणि प्रसाद न घेता गेले.

आता खरं तेच लिहिते. मला ठाऊक होतं. गुरुवारी मोरीत, पोरगी जिथं लघवीला बसायची तिथं, साखरेवर येते तशी मुंग्यांची रांग पाहिली होती मी. चुलीतली राख आणून टाकली आणि वरून पाणी ओतलं. कोणाला सांगितलं नाही.

शनिवारी गूळ वाटला. रविवारी ती नुसती पडून राहिली. दमली असेल म्हटलं. सोमवारी सकाळी ओकली आणि श्वास भात्यासारखा चालायला लागला. या वेळी तालुक्याला गेलोच नाही, जीप करून थेट अकोला. वाटेत मी नवऱ्याला सांगून टाकलं की मी विचारलं नव्हतं, सुई मीच बंद केली. त्यानं पोरीचं डोकं आपल्या मांडीवर ओढून घेतलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

डॉक्टरीणबाईही ओरडली नाही. "किती दिवस?" एवढंच विचारलं, लिहून घेतलं आणि आत गेली. दोन दिवस पोरगी जगते की जाते हे कोणी सांगत नव्हतं. मी बाकावर बसून होते. समोरच्या भिंतीवर लसीकरणाचं चित्र होतं, ते मी वाचत होते. रोज तेच.

तिसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडले. संध्याकाळी बोलायला लागली. नर्स म्हणाली, आता घोटघोट पाणी द्या. मी पोरीला विचारलं, "बेटा, मधल्या दिवसांत तुले तहान लागत नव्हती काय वं? घरी तर तू जास्तीचं पाणी मागितलं नाही."

"लागे," ती म्हणाली. "मी शाळेतल्या हापशीवर पिऊन घेत होती. सुट्टीच्या दिवशी नदीकडं जाऊन."

"मले काऊन नाही सांगितलं?"

ती छताकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "तू हसून राह्यली होती ना, आई."

मला तेव्हाही रडू आलं नाही. मी गिलास भरून तिच्या ओठांशी नेला. घोट घ्यायच्या आधी तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं, मी रागावले तर नाही ना, म्हणून. मी मान हलवली, पी म्हटलं. तेव्हा कुठं ती प्यायली.