आनंदीबाईची खसखशीची खीर

नितेश भाटकर बोटीवर इंजिनाचं तेलपाणी बघायचा. सरळ इतका, की परक्या बंदरात बाकीचे बाटल्या उघडायचे आणि हा शहाळं शोधत फिरायचा. निघायच्या आधी त्याची आई, आनंदीबाई, त्याला वाटीभर खसखशीची खीर घालायचीच. "खाऊन जा मेल्या, बोट लागायची नाय." नवऱ्यालाही ती अशीच घालून पाठवायची.

एरवी नशा पकडायची लघवीची तपासणी खिरीच्या कितीतरी आधीच उरकलेली असायची. यंदा कंपनीने ती निघायच्या दिवशीच रत्नागिरीत ठेवली. पट्टी बुडवली. रेघ उमटली तर माणूस साफ, नाही उमटली तर अफूचा अंश. नितेशची रेघ काही उमटेना. डॉक्टरने विचारलं, "काही घेतलंस?" हा म्हणाला, "नाय साहेब." खाल्लंस काय, हे कोणी विचारलं नाही आणि ह्या शहाण्यालाही सुचलं नाही! पट्टी नुसता अंदाज सांगते, पक्की तपासणी मुंबईला होते, हे डॉक्टरला ठाऊक होतं. पण बोट थांबते होय? त्याच्या जागी दुसरा चढला.

वाडीत बातमी त्याच्या आधी पोचली. गर्दुल्ला! वेदिकाशी ठरलेलं त्याचं लग्न तिच्या घरच्यांनी मोडलं. आणि आनंदीबाई? ती चारचौघांत कपाळ बडवून म्हणाली, "माझ्या पोरानं शेण खाल्लं."

मग मुंबईचा निकाल आला. नशा नाही, खसखस खाल्ली की येतो तेवढाच अंश. लॅबवाल्याने फोनवर हसत सांगितलं. हसायला त्याचं काय जातंय! नितेश घराकडे धावला आणि पायरीवर थबकला. सांगायचं काय? तुझ्या खिरीनं माझं वाटोळं केलं? म्हातारीने विहीर जवळ केली असती. "पट्टी चुकली होती," एवढंच तो म्हणाला. तिला ते पटलं नाही.

कसंबसं दुसऱ्या कंपनीत जमलं. सकाळी पुन्हा तीच तपासणी. आदल्या संध्याकाळी आनंदीबाईने राग गिळून, डोळे पुसत वाटी पुढे ठेवली. "खा बाबा. अंगातलं विष उतरेल."

नितेशने वाटी बाजूला सरकवली. "नको आये."

"आयच्या हातचं नको?" ती किंचाळली. "गर्द पायजे मेल्या तुला, गर्द!"

सकाळी पट्टीवर रेघ ठसठशीत उमटली. घरी येऊन, सामान उचलून नितेश बोट गाठायला निघाला तेव्हा आनंदीबाई दारात आली नाही. ती शेजारच्या गंगुबाईला सांगत होती, की पोरगा पुरता हातचा गेला, आता माझ्या हातची खीरसुद्धा त्याला चालत नाही.