सोनं येईपर्यंत

आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पुरणपोळी सोडली ती दिल्लीच्या एशियाडपायी. हॉकीची फायनल, मैदान आपलं, समोर पाकिस्तान, आणि आपला पार धुव्वा उडाला. आबा धारच्या शाळेत खेळाचे मास्तर, स्वतः हॉकी खेळलेले. रेडिओ बंद करून त्यांनी जाहीर केलं, "ऑलिंपिकचं सोनं परत येईपर्यंत पुरणपोळी खाणार नाही." मॉस्कोचं सोनं अजून ताजं होतं, त्यामुळे आईला वाटलं, येईल की पुढच्या खेपेला. आमच्याकडे एकदा शब्द दिला की दिला. आमचं घराणं जुन्या संस्थानच्या दरबारातलं; दरबार गेला, ही खोड तेवढी उरली.

तेव्हापासून दर होळीला आई पुरण घालायची आणि आबा आमटी-भातावर उठायचे. ऑलिंपिक आलं की ती देवापाशी जास्तीचा दिवा लावायची, देशासाठी कमी आणि नवऱ्याच्या ताटासाठी जास्त. पुढे एशियाडला सोनं आलं, तर आबा म्हणाले, "हे नाही, ऑलिंपिकचं." एकदा तर आपला संघ ऑलिंपिकपर्यंत पोचलाच नाही. आई म्हणाली, "अहो, खेळायलाच गेले नाहीत तर हरले कुठे? खा आता." आबा हसले, पण खाल्ली नाही. लोकांना या हट्टाचं भारी कौतुक. मला मात्र संताप यायचा.

मग टोकियोत पदक आलं. मी आदल्या दिवशीच देवासहून आले होते. शेजारचे काका, मूळ सरदारपूरचे, दारातूनच ओरडले, "भिया, जीत गए अपन!" आईचे हात तेव्हा थरथरायला लागले होते. लाटताना पोळी फाटायची, तरी तिने मला लाटणं दिलं नाही. वर तूप सोडून तिने ताट आबांपुढे ठेवलं.

आबा डोळे पुसत होते. ताट हळूच बाजूला सारून म्हणाले, "कांस्य आहे ग हे. सोनं नाही."

"तुमची ज़िद पण कमाल आहे हं," आई म्हणाली. "पुढचं ऑलिंपिक मला कुठलं दिसतंय आता?" आणि सगळ्या पोळ्या शेजारी देऊन आली. त्या दिवशी ती स्वतःही जेवली नाही.

पुढच्या ऑलिंपिकपर्यंत ती खरंच राहिली नाही. पॅरिसलाही कांस्यच मिळालं. बाहेर फटाके वाजत होते तेव्हा आबा स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "पुरण घाल."

मी डाळ शिजत घातली. पोळी केली, वाढली. त्यांनी एक घास घेतला आणि कितीतरी वेळ नुसता चावत राहिले.

"चांगली झालीय," ते म्हणाले. मग थांबून, "तिची कशी लागायची ग? मला आठवतच नाही."

मला आठवत होती. पण चव कुणाला सांगता येते? मी त्यांच्या पोळीवर आणखी तूप वाढलं.