हिराकाकीचा बांध

हे मी कुणापाशीच बोललेले नाही — नवऱ्यापाशीसुद्धा नाही. तुम्हालाच का सांगतेय? कोण जाणे. तुम्ही हिराकाकीला ओळखत नव्हतात, म्हणून असेल.

मी बोईसरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, रानटी मधमाश्यांचा अभ्यास करते. पाम गावात हिराकाकीची चिकूची वाडी. वाडीच्या मातीच्या बांधाला बारीक भोकं होती, त्यांत एकेकटी राहणारी एक मधमाशी घर करायची — पोळं नाही, मध नाही. शास्त्राला ती ठाऊकच नव्हती. नवी जात! मी तर हुरळूनच गेले. काकीला सांगितलं, तर तिनं कोंबड्यांनी उकरू नये म्हणून बांधावर काटेरी फांद्या टाकल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्या बांधावर हाय ती माशी, दुनियेत कुटं नाय."

आता — कसं सांगू? नवी जात मांडायची तर मला नर हवा होता. नरावरूनच जात पक्की करता येणार होती. पण नर आधी बाहेर पडतात, लवकर मरतात. माझ्या लक्षात आलं तोवर उडत होत्या त्या सगळ्या माद्या. पुढच्या हंगामापर्यंत थांबायचं होतं, एवढंच. पण तोवर दुसऱ्या कुणाच्या हाती लागली तर? हाव, दुसरं काय! काकी कुंभवलीला लेकीकडे गेली होती, त्या दिवशी मी खुरपं घेऊन बसले. वाटलं, एखाद-दुसरं घर काढू. कोवळ्या पिल्लांत नर ओळखू येईना, म्हणून आणखी एक, मग आणखी — मग सगळा बांधच. पिल्लं डब्यांत घालून घरी नेली. एक नर निघाला. बाकीच्यांना बुरशी आली. बांध मी ओल्या मातीनं लिंपला, फांद्या होत्या तशा ठेवल्या.

पुढच्या वर्षी माश्या आल्या नाहीत. तारापूरपर्यंतचे बांध पालथे घातले — कुठेच नाहीत. माझा शोधनिबंध मात्र छापून आला होता.

त्या वर्षी काकीनं चिकूवर औषध मारलं होतं. रडवेली होऊन म्हणाली, "बाय, माज्या औषदानंच मेल्या ना गं?"

नुसती गप्प बसले असते तरी — पण नाही. मी म्हणाले, "असेल, काकी."

असेल! माझ्या शब्दावर ती डोळे मिटून विश्वास ठेवायची, हो.

त्यानंतर तिनं औषध मारणं सोडलं. चिकूत अळ्या पडू लागल्या, मुलगा करवादायचा, व्यापारी माल परत पाठवायचा. मी दर हंगामात जायचे, चहा प्यायचे, ऐकून घ्यायचे. जीभ रेटत नव्हती म्हणू? छे. मी कधी रेटलीच नाही.

गेल्या वर्षी काकी गेली. दहाव्याला तिचा मुलगा माझ्याशेजारी येऊन बसला. म्हणाला, "आई शेवटपर्यंत तेच बोलत होती, बाई. 'माज्या हातनं पाप झालं, देव माफ करनार नाय.'"

मी मान हलवली. त्यानं दिलेला चहा प्यायले आणि घरी आले.