एका शीटवर सुटलेली जीप

मुरबाडहून कल्याणला जीप नेणारा हा गृहस्थ माणसांना ‘शीट’ म्हणतो. आम्ही एकमेकांच्या मांडीवर बसलेलो असलो तरी ओरडतो, “जरा सरका, अजून दोन शीट बसतील!” भरल्याशिवाय गाडी हलत नाही. एकदा त्याने एका नवरदेवाला बाशिंगासकट अर्धा तास ताटकळत ठेवलं होतं.

गेल्या वर्षी स्टँडवरची एक कानतुटकी मांजर त्याच्या गाडीत मुक्कामाला आली. तिला तो ‘सटवे’ म्हणतो आणि शिव्या देत देत स्वतःच्या डब्यातली सुकट भरवतो. वर आम्हालाच सांगतो, “माजी नाय हो ती. उंदीर वायरी खातात, म्हणून ठेवलीय.”

परवा सकाळी सटवी निपचित पडली. आम्ही अकरा जण चढून बसलो होतो, एकच शीट कमी होतं. त्याने तिच्या नाकापाशी बोट धरून पाहिलं आणि मागचं दार उघडलं.

“उतरा सगले. शहापूरला जनावरांच्या डाक्टरकडं चाललोय.”

“अहो, माझं ऑफिस?” मी म्हटलं.

“तुमी काय मरत नाय.”

आम्ही उतरलो. जीप एका शीटवर सुटली. सटवी पुढे आडवी पसरली होती, आणि जन्मात पहिल्यांदा तो कुणाला ‘सरक’ म्हणाला नाही.