लाल रेघ पुढे सरकली

बुलढाण्याच्या स्टँडवर बाबांनी खिडकीतून आपला रुमाल टाकून माह्यासाठी सीट धरली, आणि मी आत जाऊन बसलो तरी तो रुमाल परत मागायचं त्यांले सुचलं नाही. आईनं दशम्यांचा डबा दिला, ठेचा वेगळा, कागदात गुंडाळून, अन् म्हणे, "वेळेवर जेवत जाय." बाबा खिडकीले लागून उभे होते. सरकारी कचेरीत तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस, निरोपाचं भाषण पण फायलीवरच्या शेऱ्यासारखं, एका ओळीचं: "तोंड पाहून भरोसा ठेवू नको कोणावर." गाडी हलली. मले हसूच आलं. अहो बाबा, नववीपासून मी दुसरं काय करून राह्यलो होतो?

तुम्ही जे अजून तिकडंच आहा, आणि तुम्ही जे माह्यासारखे गाडीत बसून निघून आले, दोघांसाठी लिहून राह्यलो. पटापट लिहितो, नाहीतर पुन्हा हिंमत होणार नाही. ऑफिसात मी 'मला' म्हणतो, इथं 'मले' येऊन राह्यलं, येऊ द्या. तर. मले पोरी नाही, पोरं आवडतात. हे नववीत समजलं आणि त्या दिवसापासून मी सगळ्यांवर पाळत ठेवून होतो. मास्तर काऊन हसले? ताई बोलता बोलता काऊन गप्प झाली? कोणाले काय समजलं? दोन पोरांच्या प्रेमाचे पिक्चर मी फोनवर पाह्यचो, भिंतीले पाठ लावून, एकाच कानात इयरफोन. एक कान पिक्चरले, एक कान घराले. पावलं वाजली का फोनवर लगेच क्रिकेट. आईले वाटे पोरगं क्रिकेटचं लय वेडं आहे. मले आजपर्यंत एलबीडब्ल्यू समजत नाही.

पुण्यात आल्यावर वाटलं, आता दोन्ही कानांनी पाहू. कुठचं काय! पहिल्यांदा एका छोट्या हॉलात गेलो, आपल्यासारख्याच पोरापोरींनी ठेवलेला शो, नंतर चर्चा, चहा. अंधार झाला, पिक्चर सुरू झाला, आजूबाजूले लोक नाक ओढून ओढून रडायले लागले, आणि मी पाहून राह्यलो होतो का इथं बुलढाण्याचं कोणी आहे का. मागच्या रांगेतला एक जण चिखलीच्या भाऊजींच्या दोस्तासारखा दिसे. अख्ख्या पिक्चरमधी मी मान वळवून त्यालेच पाह्यलं. तो निघाला नाशिकचा. वरून मले येऊन विचारते, "तू माझ्याकडे बघत होतास ना?"

अन् पिक्चर तरी कुठं भरवशाचे असतात! दोघं जवळ आले का बासरी वाजते. घर नेहमी समुद्राजवळ नाहीतर डोंगरावर, जिथं कोणाले चुलत भाऊ नसतात. मले सांगा, असं कोणतं प्रेम आहे ज्याच्या मधात एक बी आत्या येत नाही? मंग तोच हिरो मुलाखतीत सांगते का हा रोल किती अवघड होता आणि माही बायको किती समजूतदार आहे. मले तर चांगला सीन आला का वाटते, हे आपल्याले काहीतरी विकून राह्यले. आणि शेवट! शेवटी एक जण मरते, नाहीतर लग्न करते. असे पाचसहा झाल्यावर मी नियमच करून टाकला: वीस मिनिटं उरली का बंद. जिवंत आहेत ना, सोबत आहेत ना, बस, तथीच थांबा.

ओंकारले याचा लय राग येते. ओंकार सांगलीचा, माह्यासोबत राह्यते. सोबत म्हणजे सोबत. घरी मात्र 'रूममेट'. त्याच्यावर भरोसा ठेवायले मले एक वर्ष लागलं. तो म्हणते, "तू पिक्चर बघतोयस का पंचनामा करतोयस?"

पण शेवटांवरचा हा संशय मले पिक्चरनं नाही, आईनं लावला. मी लहान होतो तेव्हा आमच्याकडं लोडशेडिंग असं होतं का रविवारचा पिक्चर कधी पूर्ण झालाच नाही. एकदा एका घोड्याले गोळी लागली आणि लाइट गेली. मी भोकाड पसरलं. आई भाकरी थापता थापता म्हणे, "मरत नाही तो. मी पाह्यला आहे हा पिक्चर. घरी येते, कडबा खाते, अन् झोपते." दुसऱ्या दिवशी शाळेत मी छाती फुगवून सांगतलं का घोडा वाचला. ज्याच्या घरी इन्व्हर्टर होता तो पोट्टा म्हणे, "काही बी सांगतं का बे? मेला तो, पुरला त्याले." सगळा वर्ग हसला. घरी येऊन भांडलो तर बाबा म्हणाले, "तुह्या आईचे सगळे पिक्चर गोडच असतात."

मागच्या वर्षी मी घरी मोठा टीव्ही घेऊन दिला आणि त्याच्यावर माह्याच वर्गणीचं ॲप लावून दिलं. आईबाबांच्या नावाचा एक कप्पा, म्हणजे प्रोफाइल, माह्या नावाचा एक. माहा कप्पा त्या टीव्हीवर पण उघडते, हे माह्या डोक्यातच आलं नाही. एवढा संशयी माणूस, अन् आपल्याच दाराले कडी लावायची विसरला!

अर्धवट पाह्यलेल्या पिक्चरच्या चित्राखाली लाल रेघ असते ना, किती पाह्यलं ते दाखवणारी? माह्या सगळ्या रेघा शेवटाच्या थोड्या आधी थांबलेल्या. यंदा दिवाळीच्या महिनाभर आधी एके दिवशी पाह्यलं तर एक रेघ पार टोकापर्यंत. बरफाच्या गावातल्या दोन बेकरीवाल्यांचा पिक्चर, हिंदीत डब केलेला. आधी वाटलं ओंकारनं पाह्यला. तो नाही म्हणे. दोन दिवसांनी दुसरी रेघ भरली. सेटिंगमधी जाऊन पाह्यलं: घरचा टीव्ही, दुपारी दोन वाजता.

ताई असंल? पण ताई चिखलीले, दुपारची तिची शाळा. बाबा. बाबाच. फायलीचं शेवटचं पान पाह्यल्याशिवाय सही न करणारा माणूस, एकेक करून माही फाइल वाचून राह्यला. मी फोन उचलणं बंद केलं, "मीटिंगमधी आहे" टाइप करत राह्यलो. दिवाळीचं तिकीट रद्द केलं. ओंकार म्हणे, "विचार की एकदा सरळ." काय विचारू? विचारलं आणि ते हो म्हणाले, तर मंग घर राह्यलं कुठं मले?

रविवारी दुपारी आईचा फोन आला आणि चुकून उचलल्या गेला.

"तिकीट काऊन रद्द केलं रे? ताई सांगे."

"काम आहे, आई."

"हं." मागून टीव्हीचा बारीक आवाज येत होता. "एक सांगू का तुले? तू ते पिक्चर अर्धे काऊन सोडतं? ताटात अर्धी भाकर टाकून उठल्यासारखं."

"कोणते पिक्चर?"

"ते बेकरीवाले पोट्टे. पाह्यला मी पूर्ण. काही होत नाही त्याले. येते तो बरफातून घरी. मंग दोघं ओट्यावर बसून चहा पेतात, टोस बुडवून बुडवून. पाहून घे तू. भेऊ नको."

"बाबा?"

"ते झोपतात दुपारचे. भिंतीले टेकून बसायचं, आवाज बारीक ठेवायचा. येते ऐकू." आणि लगेच, "जेवला का? अन् तो तुह्या संगचा, तो जेवला का?"

फोन ठेवला. मंग डोक्यात आलं, बरफाच्या गावात ओटा कुठून आला?

ओंकारले बाजूले बसवलं आणि ती वीस मिनिटं लावली. तो बेकरीवाला पाव पोचवायले बरफात जाते अन् येतच नाही. दुसरा त्याचा स्वेटर घडी करून फळीवर ठेवते, भट्टी पेटवते, संपलं. ना ओटा, ना चहा. ओंकार रडून राह्यला होता, मले मात्र हसू आणि रडू एकदमच. घोडा पुन्हा वाचवला तिनं.

मी आईले फोन लावला. "पाह्यलं."

आई हळूच, "मंग?"

"हाव. पेतात चहा."

"टोस?"

"टोस बी खातात."

"मी म्हटलं नव्हतं?" आई म्हणे.

तिकीट पुन्हा काढलं. इथं पुण्यात मी कोणापासून लपत नाही आणि सगळे मले खरं ते सांगतात, चांगलं आहे. पण माह्यासाठी खोटं बोलणारं माणूस एकाच घरी आहे, बुलढाण्याले, आणि मले तथी जायचं आहे.

एवढंच लिहून थांबणार होतो. पण परवा मंगळवारी आई दिवसभर माहेरी होती, दुसरबीडले. घरी फक्त बाबा. बुधवारी ॲप उघडलं तर माह्या कप्प्यात एक नवा पिक्चर, मी कधी लावलाच नव्हता तो. दोन म्हाताऱ्या दोस्तांचा. लाल रेघ बरीच पुढे सरकलेली, आणि थांबलेली. किती उरला ते पाह्यलं. वीस मिनिटं.

बाबांचा रुमाल धुऊन बॅगेत टाकला आहे. दिवाळीले गेल्यावर त्यांले त्या पिक्चरचा शेवट सांगणार आहो. कोणता सांगायचा, ते ठरवून राह्यलो.